सेसना १७२ : बॅटरी, अर्थिंग आणि प्लगच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज विमान सुरूच झालं नाही. दिवाळीच्या गडबडीत तीन आठवडे हँगरकडे कोणी फिरकलं नव्हतं, भावोजींनी फराळाचा डबा मागच्या सीटवर ठेवलेला, हवा मस्त, सगळं जमून आलेलं आणि मी किल्ली फिरवली तर प्रोपेलर दीड पातं फिरला, कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमधली हवा दाबली जाते तिथे) येऊन अडकला आणि पुढे नुसतं टक्. परत किल्ली, परत टक्. मग हँगरच्या दारात बसून चकल्या खाल्ल्या, दुसरं काय करणार.

ही नोंद मुद्दाम नीट ठेवतेय कारण आमच्या तिघांच्या मालकीत कोणी काय केलं ते नंतर कोणालाच आठवत नाही. विमान १९७५ सालचं सेसना १७२एम, इंजिन लायकमिंग ओ-३२०, चार सिलिंडर, १५० हॉर्सपॉवर, बॅटरी १२ व्होल्टची, ती इंजिनच्याच बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बसलेली. मालक म्हणजे मी, भावोजी (नवऱ्याचे मित्र, मूळचे नाशिकचे) आणि एक रिटायर्ड अमेरिकन आजोबा जे फक्त उन्हाळ्यात उडवतात. हँगर शिकागोपासून सव्वा तासावर, चारी बाजूंनी मक्याची शेतं, थंडीत पत्र्याचा नुसता फ्रीज.

भावोजींचं निदान दोन मिनिटांत तयार. "वहिनी, बॅटरी गेली. तीन वर्षं झाली, सरळ नवी घेऊ." मीटर लावला तर पोलवर १२.६ व्होल्ट. एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटरीला हे थोडं कमी आहे, फुल चार्ज असती तर १२.९च्या आसपास दिसायला हवं, पण १२.६ म्हणजे मेलेली पण नाही. शेजारच्या हँगरवाल्याने जंप देतो म्हणून केबल काढल्या, मी नको म्हटलं. विमानाचं इंजिन मॅग्नेटोवर (इंजिनच्या फिरण्यावर स्वतःच ठिणगीची वीज बनवणारं यंत्र, डावा आणि उजवा असे दोन) चालतं, एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागतच नाही, म्हणून लोकांना वाटतं कसंतरी सुरू करा आणि निघा. पण उतरलेली बॅटरी घेऊन वर गेलं आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवणारा) दगावला तर रेडिओ नाही, ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख देणारा) नाही, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पण नाहीत कारण आमचे फ्लॅप इलेक्ट्रिक आहेत. बॅटरी काढली, हँगरच्या टेबलवर चार्जरला लावून घरी आलो.

१० नोव्हेंबर, रविवार

बॅटरी खरंच गेली का ते बघायचं तर व्होल्ट बघून उपयोग नाही, कपॅसिटी काढायला लागते. बॅटरीच्या मॅन्युअलचं म्हणणं असं की फुल चार्ज करा, एका तासाच्या रेटने करंट काढत रहा आणि १० व्होल्टला यायला किती वेळ लागतो ते बघा, ५१ मिनिटं म्हणजे ८५ टक्के निघाले तर पास. आमची २४ अँपिअर-तासाची, म्हणजे २४ अँपिअर एकसारखे काढायला हवेत. एवढा लोड घरी कुठून आणायचा? तर लँडिंग लाइटचे जुने १०० वॉटचे तीन बल्ब डब्यात पडलेले होते, तिन्ही पॅरलल जोडले, लाकडाच्या फळीवर ठेवले, क्लँप मीटरवर साधारण २२ अँपिअर आले. हँगरमध्ये असा उजेड पडला की शेजारचा विचारायला आला आज काय आहे तुमच्यात. बल्ब प्रचंड तापतात, हात लावू नये, मी लावला.

५८ मिनिटं लागली. २२ अँपिअरच्या हिशेबाने २१ अँपिअर-तासाच्या थोडं वर, पासाला २०.४ लागतात. ही काही कॅलिब्रेट केलेल्या टेस्टरवरची परीक्षा नाही, लॉगबुकात तिचा उपयोग शून्य, पण बॅटरी मेली नाही एवढं मला कळलं. भावोजींना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, बाकी काही बोलले नाहीत. (हे पुढे महत्त्वाचं आहे.)

१६ नोव्हेंबर

बॅटरी चांगली तर ताकद वाटेत कुठेतरी सांडतेय. आज व्होल्टेज ड्रॉप मोजला, म्हणजे क्रँक करताना (स्टार्टरने इंजिन फिरवताना) वाटेतल्या प्रत्येक तुकड्यावर किती व्होल्ट खर्च होतात ते. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर खेचतो, तेवढ्या करंटला तारेतला एवढासा अडथळा पण महागात पडतो, आणि तोच अडथळा साध्या ओहम मीटरवर दिसतसुद्धा नाही, ०.० दाखवतो. त्यामुळे मोजायचं ते क्रँक करतानाच.

धोक्याचं काम आहे म्हणून कसं केलं ते लिहून ठेवते. चाकाला चॉक, शेपूट जमिनीतल्या कड्याला बांधलेली, मिक्श्चरचा नॉब (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, पूर्ण ओढला की पेट्रोल बंद) पूर्ण बाहेर, समोर कोणी नाही. आमच्याकडे किल्ली स्टार्टला नेली की डावा मॅग्नेटो जागा होतोच, त्यामुळे इंजिन कधीही सुरू होऊ शकतं असं धरूनच चालायचं. मीटर इंजिनपाशी धरून कोणी उभं राहिलं नाही, लांब वायरी काउलिंगमधून (इंजिनवरचं झाकण) काढून टेपने चिकटवत खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर भावोजींच्या मांडीवर. प्रत्येक वेळी चार सेकंद क्रँक, मग दोन-तीन मिनिटं स्टार्टरला आराम, मग वायरी हलवायच्या. सकाळ गेली.

क्रँक करताना बॅटरीच्या पोलवर १०.९ आणि स्टार्टरच्या स्टडपासून त्याच्याच बॉडीपर्यंत फक्त ८.४. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेत गडप. प्लसच्या बाजूला केबल, मास्टर काँटॅक्टर, स्टार्टर काँटॅक्टर (विजेने चालणारे मोठे स्विच) सगळं मिळून अर्धा व्होल्ट, पन्नास वर्षांच्या विमानाला ठीक म्हणायचं. आणि मायनसच्या बाजूला पूर्ण दोन! त्यातले १.९ इंजिनची बॉडी ते फायरवॉल एवढ्याशा अंतरात.

टॉर्च घेऊन बघितलं. इंजिन रबरी माउंटवर बसतं, त्यामुळे त्याला अर्थिंग मिळायला विणलेल्या तांब्याची एक चपटी पट्टी असते, करंगळीएवढ्या रुंदीची. ती वरून बरी दिसत होती, तेलाने काळी झालेली पण शाबूत. बोटाने उलटी केली तर मागची निम्मी वीण तुटून केसासारखी पिंजारलेली, आणि बोल्टखालच्या टोकाला हिरवा कळंक, कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवल्यावर येतो ना अगदी तसा. ओढली तर दोन धागे हातात आले.

बॅटरी बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं हे मालक पायलटला स्वतः करायची परवानगी इथल्या नियमात आहे, लॉगबुकात तारीख, काम, सही, लायसन्स नंबर लिहिला की झालं. अर्थिंगची पट्टी त्या यादीत नाही. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "पट्टी आणतो, पण बोल्ट तू घासायचास." त्याच्या देखरेखीखाली चालतं.

२३ नोव्हेंबर

पट्टी बदलली. दोन्ही टोकांचा रंग आणि गंज घासून चकचकीत धातू काढला, नवे वॉशर, बोल्ट मेकॅनिकने आवळला. परत मोजलं, बॅटरीला १०.७ (आता स्टार्टर खरा करंट खेचतोय म्हणून पोलवर उलट थोडं कमी), स्टार्टरला १०.१, मायनसच्या बाजूचा ड्रॉप ०.१. तिसऱ्या पात्याला इंजिन सुरू झालं. पट्टीची किंमत हॉटेलातल्या दोन थाळ्यांपेक्षा कमी.

आनंद दहा मिनिटं टिकला. १७०० आरपीएमला मॅग्नेटो चेक (एकेका मॅग्नेटोवर चालवून आरपीएम किती पडतात ते बघायचं), डाव्यावर ८० पडले ठीक, उजव्यावर २१० पडले आणि इंजिन लंगडायला लागलं. पुस्तकात मर्यादा १२५ची आणि दोघांतला फरक ५०च्या आत पाहिजे. त्यात भर म्हणजे अ‍ॅमीटरचा काटा (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारा) डावी-उजवी डावी-उजवी झुलतोय, लँडिंग लाइट त्याच तालावर कमी-जास्त होतोय. काटा कधीपासून झुलतो विचारलं तर भावोजी म्हणे "तो उन्हाळ्यापासून थोडा थोडा नाचतोच." हे लॉगमध्ये कुठे आहे? नाही. बरं.

मिक्श्चर बारीक करून (म्हणजे पेट्रोल कमी करून), १८०० वर थोडा वेळ ठेवून प्लग जळून साफ होतात का बघितलं. २१०चे १९० झाले. परत हँगरमध्ये.

७ डिसेंबर

आधी कुठला सिलिंडर रुसलाय ते शोधलं. सोपी युक्ती आहे, इंजिन फक्त उजव्या मॅग्नेटोवर अर्धा मिनिट चालवायचं, मिक्श्चर ओढून तसंच बंद करायचं, पंखा थांबला आणि किल्ली काढून खिशात गेली की चारही एक्झॉस्ट पाइपांचं तापमान बघायचं. मी कोविडच्या वेळचं कपाळाचं थर्मामीटर नेलं होतं, ते प्रत्येक पाइपला नुसतं हाय दाखवत बसलं, शेवटी घरचं पिझ्झा ओव्हनवालं आणायला नवऱ्याला पिटाळलं. तीन पाइप पोळतील असे आणि तीन नंबरचा सुस्त.

चारही खालचे प्लग काढले (प्रत्येक सिलिंडरला वर-खाली असे दोन असतात). खालच्यांतच घाण साचते, तेल पण तिथेच उतरतं. तीन नंबरच्या प्लगमध्ये शिशाच्या गोळ्या, राखाडी, मोहरीएवढ्या, दोन तर इलेक्ट्रोड आणि चिनीमातीच्या मध्ये अशा अडकलेल्या की ठिणगीला उडी मारायची गरजच नाही, तिला पूलच बांधून दिलेला. डेंटिस्टकडे असतो तसला आकडा घेऊन एकेक टोकरून काढली, कागदावर ठेवली, हातमोजे घालून, कारण हे शिसंच आहे. मग ओहम मीटर. आतला रेझिस्टर पाच हजार ओहमच्या आत हवा, तीन नंबरचा अठरा हजार! म्हणजे हा प्लग साफ करून पण उपयोग नव्हता, नवा घेतला. बाकीच्यांचे गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंचात बसवले, नवे तांब्याचे वॉशर, आट्यांना अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट (टोकाचा पहिला आटा सोडून, नाहीतर ते इलेक्ट्रोडवर उतरतं), खालचे वर आणि वरचे खाली, ३५ फूट-पाउंड टॉर्क. एक चांगला प्लग भावोजींच्या हातून टेबलावरून फरशीवर पडला. पडलेला विमानाचा प्लग परत लावत नाहीत, आतली चिनीमाती तडकलेली बाहेरून दिसत नाही. चाळीसेक डॉलर गेले. भावोजी बराच वेळ गप्प.

आता एवढं शिसं आलं कुठून? हे इंजिन मुळात ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेलं, आता पंपावर मिळतं ते १००एलएल. त्या नावातला शेवटचा एल म्हणजे लेड आणि त्याच्या आधीचा लो, पण ते लो जुन्या १००च्या मानाने, ८०च्या मानाने यात शिसं चौपट. ते शिसं जळून बाहेर जावं म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमिनवालं रसायन घालतात पण ते काम करायला प्लगचं नाक तापायला हवं. जमिनीवर इंजिन फुल रिच (जास्तीत जास्त पेट्रोलच्या) मिक्श्चरवर फटफटत ठेवलं तर ते थंडच राहतं आणि शिसं तिथेच गोठतं. म्हणून टॅक्सी करताना मिक्श्चर चांगलं बारीक करायचं, इतकं की चुकून थ्रॉटल दिला तर इंजिन गुदमरावं.

हे आम्हाला माहिती नाही का? माहिती आहे. मग करत का नव्हतो? भावोजींनी कबूल केलं, मग मी पण कबूल केलं. मिक्श्चरचा नॉब उन्हाळ्यापासून इतका जड झाला होता की हळूहळू ओढताच येत नव्हता, ओढला की एकदम इंचभर यायचा आणि इंजिन बसायचं. त्यामुळे कोणी हातच लावत नव्हतं. अमेरिकन आजोबांनी त्यात दोनदा तेल सोडलं होतं म्हणे.

१४ डिसेंबर

मेकॅनिकला नॉबचं सांगितलं. त्याने मिक्श्चरची केबल हातात घेतली, फायरवॉलपाशी क्लँपखाली बघितलं, मला जवळ बोलावलं आणि काही न बोलता बोट ठेवलं. केबलच्या स्टीलच्या आवरणावर निळसर-तपकिरी डाग, तव्याच्या कडेला पडतो तसा. केबल जळलेली.

बराच वेळ कळेना. मग ट्यूब पेटली आणि मी चक्क खाली बसले. अर्थिंगची पट्टी निम्मी तुटलेली, स्टार्टरला तर शंभरावर अँपिअर पाहिजेत, ते परत कुठून जाणार? इंजिनला आणि फायरवॉलला जोडणारी जी धातूची वस्तू मिळेल तिच्यातून. थ्रॉटल केबल, मिक्श्चर केबल. प्रत्येक स्टार्टला त्या बिचाऱ्या केबलमधून करंट धावत होता, आवरण तापत होतं, आतलं अस्तर वितळून तारेला चिकटत होतं. म्हणून नॉब जड, म्हणून आम्ही टॅक्सीत मिक्श्चर बारीक करत नव्हतो, म्हणून प्लगात शिसं, म्हणून उजव्या मॅग्नेटोला २१०. आणि मॅग्नेटो बिचारा ठणठणीत, त्याला तर मी मनातल्या मनात काढून वर्कशॉपला पाठवला पण होता.

थ्रॉटल केबल पण तपासली, ती मोकळी आहे, डाग नाही. मिक्श्चरची नवी केबल मेकॅनिकने बसवली. नॉब पूर्ण आत-बाहेर, कार्ब्युरेटरवरचा दांडा दोन्ही टोकांना खरंच टेकतोय हे डोळ्यांनी बघितलं. बंद करताना इंजिन मरायच्या आधी आरपीएम थोडे चढले, चाळीसेक, तसंच पाहिजे. मॅग्नेटो ड्रॉप आता ७० आणि ८०.

४ जानेवारी २०२५

नाचणारा काटा. अल्टरनेटरचा बेल्ट आधी बघितला, ताण बरोबर, घसरत नाही. मग सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये छोटा व्होल्टमीटर खोचून इंजिन चालवलं, बसचं (सगळ्या उपकरणांना वीज वाटणारी पट्टी) व्होल्टेज १४.४ ते १५.१ मध्ये झोके घेतंय. १४ च्या जरा वर शांत बसायला हवं. म्हणजे नुसता काटा नाचत नव्हता, बॅटरीला जास्तीचं चार्जिंग पण ठोकलं जात होतं.

याचं कारण मला फार आवडलं म्हणून सविस्तर. रेग्युलेटर बसचं व्होल्टेज बघून अल्टरनेटरच्या फील्डला (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला) किती करंट द्यायचा ते ठरवतो. पण व्होल्टेज बघायची वाट आणि फील्डच्या करंटची वाट एकच, ब्रेकरमधून आणि मास्टर स्विचच्या अल्टरनेटरवाल्या अर्ध्या भागातून. त्या वाटेत अडथळा असला की करंट वाहताना व्होल्ट पडतात, रेग्युलेटरला वाटतं बसच खाली गेलीय, तो आणखी करंट देतो, बस वर जाते, मग तो एकदम हात आखडतो, करंट कमी झाला की वाटेतला ड्रॉप पण कमी, आता त्याला बस फारच वर दिसते. असा तो स्वतःच्याच सावलीशी भांडत बसतो.

हे इंजिन बंद ठेवून मोजता येतं, मास्टरचे दोन्ही भाग ऑन केले की फील्डला करंट जातोच. पॅनेलखाली शिरले, डोकं रडर पेडलपाशी, पाय सीटच्या पाठीवर, तोंडात टॉर्च. बस ते रेग्युलेटर ०.९ व्होल्ट ड्रॉप. त्यात ब्रेकरवर ०.१, जोडांवर ०.१, बाकीचे ०.७ एकट्या लाल मास्टर स्विचवर. स्विच बोटाने हलवला की आकडा बदलतो. पन्नास वर्षं रोज खटक् खटक्.

११ जानेवारी

मेकॅनिकने स्विच बदलला. जुना मी घरी आणून उघडला, बॅटरीच्या बाजूचे काँटॅक्ट बरे, अल्टरनेटरच्या बाजूचे काजळी धरलेले आणि एकाला खड्डा. बस आता १४.१, काटा गपगार. संक्रांत तीन दिवसांवर म्हणून मेकॅनिकला तिळगूळ दिला, गोड बोल वगैरे अर्थ सांगितला. त्याने एक लाडू तोंडात टाकला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी काटा नाचायला लागला की त्याच आठवड्यात फोन करा." गोडच बोलला म्हणायचं.

१८ जानेवारी

उणे १४ सेल्सिअस. लायकमिंगचं म्हणणं उणे १२ च्या खाली प्रीहीट शिवाय सुरू करू नका, म्हणून पहाटे टायमरवर हीटर लावून ठेवला होता आणि काउलिंगवर आईने सोलापूरहून पाठवलेली गोधडी. तिला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली लुगड्यांची गोधडी मी विमानाला शिवली होती का. इंजिन दुसऱ्या पात्याला सुरू. मिक्श्चर दोन बोटांनी सरकतंय, टॅक्सी बारीक मिक्श्चरवर.

उडालो नाही, ढग खाली होते.

१५ फेब्रुवारी

दीड तास उडालो, मी जाताना, भावोजी येताना. मॅग्नेटो ड्रॉप ७० आणि ७५, काटा मध्यावर, बस १४.१. बंद करायच्या आधी १८०० वर वीस सेकंद, मग १२००, मग मिक्श्चर ओढून बंद. हे आता चेकलिस्टवर मार्करने लिहून चिकटवलंय, तिघांसाठी. आजोबांना ईमेल पण केला, केबलमध्ये तेल सोडू नका म्हणून.

खर्चाचा हिशेब मांडला, पट्टी, केबल, स्विच, दोन प्लग, वॉशर, मेकॅनिकचे तास, भागिले तीन. तेव्हा भावोजी म्हणाले अजून एक बिल आहे, आणि खाली बघायला लागले.

१ मार्च

तर दहा नोव्हेंबरला अंगठा पाठवला ना, त्याच्या आदल्याच रात्री त्यांनी नवी बॅटरी ऑर्डर केली होती. परत करायचे दिवस केव्हाच उलटून गेले. खोकं हँगरच्या कोपऱ्यात रंगाच्या डब्यांमागे, वर गोधडीची पिशवी. आज उघडून मोजली, १२.५. एजीएम नुसती पडून राहिली तरी खाली येते, मधूनमधून चार्ज करायला लागते. विमानातली जुनी १२.९ वर छान आहे.

चार्जर एकच आहे. तो आज नवीला लावून आलेय.